पेवातल्या ऑस्ट्रियन बाया

शमशुद्दीन मोमीन अंगाने धिप्पाड आणि काळजाने अगदी लहान होता. हे त्याची बायको नसीमबानू चारचौघांत सांगायची आणि तोही कधी नाकारायचा नाही. पुण्याच्या कॅम्पातल्या एका पारशी शेटच्या लिलावघरात तो सतराव्या वर्षापासून माल बांधायच्या कामाला होता. पियानो दोरात अडकवून जिन्यावरून उतरवणं, झुंबराचे लोलक एकेक करून कागदात गुंडाळणं, काचेचं सामान पेंढ्यात बसवून खोकी भरणं, ही त्याची कामं. चौघांना न हलणारं कपाट तो एकटा पाठीवर घ्यायचा. आणि हाच माणूस समोरून पोलीस आला तर रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. घरी तार आली तर ती नसीमबानूने घ्यायची, शेजारच्याने वाचायची, आणि वाचून होईपर्यंत हा मोरीत जाऊन पाय धूत बसायचा.

इंग्रज गेले त्यानंतरची दोन वर्षं लिलावघरात बसायला फुरसत नव्हती. घोरपडी, वानवडी, कॅम्प, जिथे जिथे साहेबांचे बंगले होते तिथून गाड्या भरभरून सामान यायचं. अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात एका कर्नलच्या सामानात शमशुद्दीनला एक चिनी मातीची बाई सापडली. हातभर उंच असेल. केस मोकळे सोडलेले, आणि ते केस खाली येता येता पानं होत गेलेले. पानांच्या आतून फूल उमलावं तशी फुलदाणी उमललेली. रंग ओल्या शेवाळाचा, त्यावर मधूनच सोन्याची रेघ. डोळे अर्धे मिटलेले. वाटेत तिचं नाक उडालं होतं. बिननाकाची बाई कोण घेणार, म्हणून शेट म्हणाले, टाकून दे. शमशुद्दीनने ती सदऱ्यात गुंडाळली आणि मोमीनपुऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांत आणली.

नसीमबानू तेव्हा नवी नवरी होती. घरात माणसाची मूर्ती नको, त्यात ही बाई, त्यात खांदे उघडे, असं तिने स्पष्ट सांगितलं. दोन दिवसांच्या अबोल्यानंतर असं ठरलं की बाई कपाटात राहील, कपाटाला दार असेल आणि नमाजाच्या वेळी ते दार लावलेलं असेल.

बाईच्या बुडाशी सात इंग्रजी अक्षरं दाबून उमटवलेली होती. शमशुद्दीन उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेलेला, त्याला इंग्रजी येत नव्हतं. लिलावघरात मालाच्या याद्या लिहिणारे श्रीनिवासराव म्हणून एक कारकून होते, नारायण पेठेतून सायकलवर यायचे. त्यांना त्याने विचारलं. श्रीनिवासरावांनी चष्मा कपाळावर चढवून अक्षरं वाचली.

"ऑस्ट्रिया. युरोपातला देश आहे. हे असलं काम तिकडे या शतकाच्या सुरुवातीला फार व्हायचं. तेव्हा तिथे बादशहा होता." मग बाई त्याच्या हातात परत देत म्हणाले, "बादशहा गेला, हिचं नाक गेलं. आता तुम्ही सांभाळा."

त्या दिवसापासून शमशुद्दीन कुठलीही चिनी मातीची वस्तू हातात आली की आधी उलटी करून बूड बघायला लागला. लिलावात बोली लावायची त्याची ऐपत नव्हती आणि हिंमत तर मुळीच नव्हती. पण ज्याला कुणी हात लावत नाही असं बरंच काही लिलावघरात उरतं. कान तुटलेलं, तडा गेलेलं, जोडीतलं एकटं राहिलेलं. कधी शेट मेहनतान्याबरोबर असलं काही देऊन टाकायचे. कधी एखादी पारशी म्हातारी घर मोडताना सगळं सामान त्याच्याकडून बांधून घ्यायची आणि जाताना म्हणायची, ही बाहुली राहू दे तुला. रविवारी तो जुन्या बाजारात जायचा, गंजलेल्या कुलपांच्या आणि ग्रामोफोनच्या भोंग्यांच्या ढिगात ती सात अक्षरं शोधायचा. अठ्ठावीस वर्षांत सव्वीस नग जमले. झगा फुलपाखराच्या पंखांसारखा पसरून नाचणारी मुलगी होती. तळ्याच्या काठाशी वाकून पाण्यात बघणारी होती. फुलांचा भारा कवेत घेतलेलं, गुबगुबीत पोटाचं एक मूल होतं. बाकी बहुतेक बायांचे चेहरेच होते, कुणी मुकुट घातलेली, कुणी डोक्यावर कमळाचं पान घेतलेली.

रविवारी दुपारी तो चटई टाकायचा आणि एकेक काढून मऊ फडक्याने पुसायचा. त्याला त्या का आवडतात, असं नसीमबानूने एकदा विचारलं. तो म्हणाला की या सव्वीस तोंडांत एकावरही भीती नाही, तू बघ. नसीमबानूने एकेक तोंड बघितलं.

एकोणीसशे शहात्तरचा एप्रिल आला. आणीबाणीला दहा महिने झाले होते. गल्लीच्या टोकाला घड्याळं विकणारा एक माणूस राहायचा, त्याच्या घराची झडती झाली. परदेशी घड्याळं सापडली म्हणे. जीप दारात उभी होती तेव्हा शमशुद्दीन कामावरून येत होता. त्या माणसाला दोन्ही दंडांना धरून बाहेर आणताना त्याने बघितलं. त्याच्या एका पायातली चप्पल मागे राहिली होती आणि ती घालायला कुणी त्याला थांबू दिलं नाही. दीड महिना झाला तरी तो परतला नव्हता.

त्याच सुमाराला चहाच्या हॉटेलात एकाने पेपर मोठ्याने वाचला. नवा कायदा लागू झाला आहे. ज्यांच्याकडे जुन्या मूर्ती असतील त्यांनी फोटोंसकट सरकारात नोंद करायची. दगडाच्या, धातूच्या, लाकडाच्या, भाजलेल्या मातीच्या. नाही केली तर सहा महिने कैद. एवढं वाचून त्या माणसाने पान उलटलं आणि सिनेमाच्या जाहिराती बघायला लागला. शमशुद्दीनने चहा तसाच ठेवला. भाजलेल्या मातीच्या, हे शब्द त्याच्या कानात बसले ते बसलेच.

त्याच्याकडे एकाही नगाची पावती नव्हती. ज्या शेटने दिल्या ते वारले होते, आता मुलगा धंदा बघत होता. माल बांधणाऱ्याच्या घरात सव्वीस परदेशी मूर्ती निघाल्या तर त्या कुणाच्या गोदामातून आल्या, हे कुणीही विचारणार. नोंद करावी तर आपणच जाऊन सांगितल्यासारखं, न करावी तर सहा महिने. मुलगी नूरबानू हिचं लग्न ठरत आलं होतं. बाप तुरुंगात असलेल्या मुलीला कोण नेणार? बाहेर कुठल्याही गाडीचं इंजिन थांबलं की तो जागच्या जागी उभा राहायचा आणि ती पुन्हा सुरू होईपर्यंत हलायचा नाही. श्रीनिवासराव निवृत्त झाले होते पण नारायण पेठेतच होते. त्यांना विचारावं म्हणून तो दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. विचारणं म्हणजे आपल्याकडे आहेत हे सांगणंच की, असं वाटून दोन्हीदा मागे फिरला.

आठव्या दिवशी नसीमबानू म्हणाली, नदीत नेऊन टाका. तो उठेना. मग मी फोडते, म्हणून ती उठली आणि वरवंटा घेऊन कपाटाशी गेली. शमशुद्दीन तिच्या आणि कपाटाच्या मधे जाऊन उभा राहिला. नसीमबानूने वरवंटा खाली ठेवला आणि म्हणाली, "सोनबाला विचारा."

सोनबा हिंजवडीचा शेतकरी. वीस वर्षं तो भाताचा पेंढा बैलगाडीत भरून लिलावघराला आणून घालायचा. गाडी रिकामी झाली की दोघं गोदामाच्या सावलीत बसून भाकरी खायचे. सोनबाने सगळं ऐकलं, तंबाखू मळली आणि म्हणाला की त्याच्या खळ्याशेजारी आज्याच्या वेळचं पेव आहे. जमिनीत खोल खणलेलं, तोंड एका माणसापुरतं, आत खोलीएवढं. पूर्वी दरोडेखोरांच्या भीतीने त्यात धान्य ठेवायचे. आता कुणी उघडत नाही. त्यावर दगडाची फाडी टाकली की खाली काय आहे ते देवालाही दिसत नाही.

शमशुद्दीनने सव्वीस नग सहा खोक्यांत बांधले. इतकं जपून त्याने साहेबांचंही सामान कधी बांधलं नव्हतं. सोनबाच्या परतीच्या गाडीत खोकी चढवली, वर रिकामी पोती टाकली आणि तो स्वतः त्यावर बसला. औंधच्या अलीकडे नाक्यावर हवालदाराने गाडी थांबवली. खोक्यांत काय आहे, म्हणून विचारलं. शमशुद्दीनने खालचं पोतं घट्ट धरलं. सोनबा बैलांची वेसण धरून शांतपणे म्हणाला, "बाया हायत, साहेब. चिनी मातीच्या. जित्या न्हाईत." हवालदाराने एका खोक्यातला पेंढा काठीने बाजूला केला, आतून एक गोरा गाल दिसला, तो हसला आणि गाडी सोडली. पुढे वाकडच्या फाट्यापर्यंत शमशुद्दीन मागे वळून बघत होता.

खोकी पेवात उतरवून झाल्यावर सोनबाने बजावलं होतं, पाऊस सुरू व्हायच्या आत काढून ने, खाली ओल धरते. पण शमशुद्दीन आला नाही. तो पावसाळा गेला. पुढच्या मार्चमध्ये आणीबाणी उठली, सरकार बदललं, घड्याळवाला घरी आला, तरी हा जाईना. सरकार बदललं म्हणून कायदा थोडाच बदलतो, असं तो नसीमबानूला म्हणायचा. आपल्या पाळतीवर कुणी असलं आणि आपणच त्याला हिंजवडीपर्यंत नेलं तर? सोनबा पेंढा घेऊन यायचा तेव्हा विचारायचा, हा बैलांच्या तब्येतीबद्दल बोलायला लागायचा. दुसराही पावसाळा गेला.

सत्त्याहत्तरच्या सप्टेंबरात श्रीनिवासराव घरचं एक घड्याळ विकायला लिलावघरात आले. शमशुद्दीनला बघून त्यांनी सहज विचारलं की तुमच्या ऑस्ट्रियन बाया काय म्हणतात. शमशुद्दीनने त्यांना गोदामाच्या मागे नेलं आणि दीड वर्षं पोटात ठेवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. श्रीनिवासराव ऐकत राहिले.

"शंभर वर्षांपूर्वीच्या मूर्ती, शमशुद्दीन. कायद्यात शंभर लिहिलंय. तुमच्या बायांना अजून पाऊणशेसुद्धा झाली नाहीत. वाचणाऱ्याने नेमकी तेवढी ओळ गिळली." त्यांनी चष्मा पुसला. "आणि विचारायला माझं घर काय काशीला होतं?"

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी शमशुद्दीन एसटीने वाकडच्या फाट्यावर उतरला आणि चालत हिंजवडीला गेला. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलं होतं. सोनबाने आणि त्याने पहारीने फाडी सरकवली. आतून कुजलेल्या पेंढ्याचा, आंबूस, जड असा वास वर आला. सोनबाने कंदील पेटवून दोरीला बांधला आणि खाली सोडला. पुरुषभर खोल गेला नाही तोच ज्योत आखडली आणि विझली. सोनबाने पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला.

"आत वारं मेलंय," सोनबा म्हणाला. "दोन पावसाचा पेंढा कुजलाय. आज उतरायचं न्हाई. दिवसभर उघडं ठिवू, डहाळ्यानं वारं घालू, उद्या बघू."

शमशुद्दीन म्हणाला, उद्या काम आहे. सोनबा म्हणाला, मग पुढच्या रविवारी. आणि तो लिंबाचा डहाळा तोडून आणायला ओढ्याकडे गेला. त्याची बायको मुक्ताबाई आत चुलीपाशी होती. शमशुद्दीन पेवाच्या तोंडाशी एकटा बसून राहिला. त्याला खाली काहीच दिसत नव्हतं, तरी तो वाकून बघत होता.

तेवढ्यात सोनबाचा मुलगा जयसिंग आला. सत्तावीस वर्षांचा, पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला होता, दुपारच्या पाळीला जायचं म्हणून आंघोळ करून निघाला होता. पेव उघडं बघून त्याने शर्ट काढून कुंपणावर टाकला. म्हणाला, शिडी आहेच, जायच्या आधी देतो काढून तुमची खोकी. मग वाकून आत बघत त्याने विचारलं, "बत्ती सोडली का, चाचा?"

"सोडली," शमशुद्दीन म्हणाला.

पुढचे दोन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते. ते त्याने उच्चारले नाहीत. का, हे तो पुढे आयुष्यभर स्वतःला विचारत राहिला. त्याला वाटलं होतं की एव्हाना वाईट हवा निघून गेली असेल. वाटलं होतं की घरच्या पोराला पेवातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. आणि हेही खरं की सगळे आपल्याला भित्रा म्हणतात, आता हाही हसेल, असं एक क्षण त्याच्या मनात येऊन गेलं. पण या सगळ्याच्या तळाशी एवढंच होतं की त्याला आपल्या बाया हव्या होत्या, आत्ता, आज.

जयसिंग शिडीवरून उतरला. छातीपर्यंत दिसत होता तोवर वास मारतोय म्हणून हसला. मग डोकं आत गेलं. शिडी एकदा हलली. खाली काहीतरी मऊ, जड पडल्याचा आवाज आला, आणि मग काहीच आवाज आला नाही.

शमशुद्दीनने हाक मारली. दुसरी हाक मारायला गेला तर घशातून आवाज निघेना. डहाळा घेऊन येणाऱ्या सोनबाने त्याचा चेहरा पाहिला, कुंपणावरचा शर्ट पाहिला, डहाळा टाकला आणि धावत येऊन थेट शिडीवर पाय ठेवला. शमशुद्दीनने त्याला कमरेला धरून उचललं आणि बाजूला फेकलं. सोनबा त्याच्या अंगावर धावून आला, छातीवर बुक्क्या मारायला लागला. शमशुद्दीनने त्या खाल्ल्या आणि सोनबाला सोडलं नाही. आता त्याला आवाज फुटला होता. तुम्ही पण तिथेच पडाल, एकाचे दोन होतील, दोर आणा, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मुक्ताबाई बाहेर आली होती. शेजारच्या शेतातून दोन गडी धावत आले. कुणीतरी विहिरीवरचे दोर आणले.

दोर हातात आल्यावर शमशुद्दीनचे हात आपोआप चालायला लागले. एका दोराला त्याने दोन फास केले, एक काखेखालून जाणारा, एक मांड्यांखालून, पियानोला करतात तसे. दुसरा दोर स्वतःच्या छातीभोवती बांधला. ओला पंचा तोंडाला गुंडाळला. पायजमा ओला झाला होता, हे त्याला फार नंतर कळलं. सोनबाला त्याने डहाळा जोरजोरात खालीवर करायला लावला आणि गड्यांना सांगितलं की चाळीस आकडे मोजा, मग मी काही म्हणो न म्हणो, ओढा. गडी गोंधळले होते, त्यांच्याकडून मोजणं होईना. मुक्ताबाई पेवाच्या तोंडाशी बसली आणि म्हणाली, मी मोजते. तिला विसापर्यंतच येत होतं. वीस आणि पुन्हा वीस, ती म्हणाली.

शमशुद्दीनने छाती भरून श्वास घेतला आणि उतरला.

खाली अंधार होता आणि ऊब होती, जनावराच्या पोटात असावी तशी. वरून मुक्ताबाईचा आवाज येत होता, एक, दोन, तीन. त्याने पायाने चाचपलं. जयसिंग पालथा पडला होता, खोक्यांच्या वर. त्याला उलटा करायला शमशुद्दीनने पाय रोवला तर कुजलेल्या खोक्याचं झाकण मोडलं आणि पाय आत गेला. काहीतरी कडकन फुटलं. अकरा, बारा. एक हात फासात गेला. दुसरा हात अंगाखाली अडकला होता. छाती जळायला लागली. डोळ्यांपुढे हिरवे ठिपके आले. वीस, मुक्ताबाई म्हणाली, आणि पुन्हा एक. त्याला वाटलं की तोंड उघडावं, एकच श्वास घ्यावा, काय होईल. त्याच क्षणी दोर ताणला गेला आणि तो वर ओढला गेला.

वर येऊन तो जमिनीवर पडला आणि माशासारखा हवा गिळत राहिला. सोनबा त्याच्याकडे बघत होता. मेला का, हे विचारायचं त्याला धाडस होत नव्हतं. शमशुद्दीनला आता आपण काय आहोत ते नीट कळलं होतं. त्याला पुन्हा खाली जायचं नव्हतं. अंगातला कण अन् कण नको म्हणत होता. तो उठला आणि पुन्हा उतरला.

या वेळी त्याने दोन्ही पाय फाकवून रोवले, थेट मूर्तींवर. पायाखाली चेहरे मोडत होते, पानं मोडत होती, तळव्यात काहीतरी खोल शिरलं. त्याने जयसिंगला काखेतून उचलून गुडघ्यावर घेतलं, दुसरा हात फासात घातला, दोर मांड्यांखालून ओढून घेतला, गाठ आवळली. मुक्ताबाईचे पहिले वीस संपले होते. त्याने दोर हिसडला. जयसिंग त्याच्या डोक्यावरून वर गेला, त्याचे पाय याच्या तोंडाला घासत गेले, पेवाच्या तोंडातला सगळा उजेड निघून गेला आणि मग परत आला. पुढचं शमशुद्दीनला आठवत नाही. त्याला ओढून काढलं तेव्हा तो शुद्धीवर नव्हता.

जयसिंग निळा पडला होता. एक गडी त्याच्या छातीवर दाबत होता, मुक्ताबाई त्याच्या तोंडावर पाणी मारत होती. किती वेळ गेला ते कुणी सांगू शकलं नाही. मग त्याला ओकारी झाली आणि त्याने श्वास घेतला, करवतीसारखा आवाज करत. दुधाच्या गाडीतून त्याला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. तीन दिवस तो माणसं ओळखत नव्हता. चौथ्या दिवशी त्याने आईला हाक मारली. बोलणं मात्र जड झालं होतं, एक शब्द बोलला की दुसरा शोधावा लागायचा. कारखान्यात परत जायला त्याला जानेवारी उजाडला.

शमशुद्दीन रोज दवाखान्यात जायचा आणि व्हरांड्यात बसायचा. लोक त्याचं कौतुक करत होते. माल बांधणाऱ्या माणसाने पोर वाचवलं, ही गोष्ट वाकडपर्यंत पोचली होती. ते कौतुक सुरू झालं की तो उठून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जायचा. आता त्याला पोलिसाची भीती वाटत नव्हती, कायद्याची वाटत नव्हती. सोनबाने एक दिवस सहज विचारावं, जयसिंगनं बत्तीचं इचारलं न्हाई व्हय, एवढ्याचीच वाटत होती. जयसिंगला स्वतःला त्या सकाळचं काही आठवत नव्हतं. शमशुद्दीन गप्प राहिला असता तर ते कधीच कुणाला कळलं नसतं.

जयसिंगला घरी नेल्यानंतर महिन्याने तो हिंजवडीला गेला. नसीमबानूला त्याने आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं आणि ती म्हणाली होती, जा. सोनबा आणि मुक्ताबाई पडवीत शेंगा फोडत बसले होते. शमशुद्दीन त्यांच्या समोर, पायरीच्या खाली, जमिनीवर बसला आणि जयसिंगने काय विचारलं होतं आणि आपण काय उत्तर दिलं होतं ते त्याने सांगितलं. विझली हे सांगितलं नाही, असं तो दोनदा म्हणाला.

सोनबाच्या हातातली शेंग तशीच राहिली. तो उठून गोठ्याकडे गेला आणि बराच वेळ आला नाही. मुक्ताबाई शमशुद्दीनकडे बघत होती. शेवटी ती बोलली, आवाज न चढवता.

"तुमी पुन्यांदा खाली उतरलात, म्हनून हितं बसू देतीय. न्हाईतर..." पुढचं तिने सांगितलं नाही. सूप उचलून ती आत गेली. त्या दिवशी त्याला कुणी पाणी विचारलं नाही. तो तसाच उठून फाट्यापर्यंत चालत आला.

सोनबाचा पेंढा दोन महिने दुसऱ्याच्या गाडीतून येत राहिला. तिसऱ्या महिन्यात तो स्वतः आला. गाडीत पेंढ्याच्या वर एक खोकं होतं. पेव त्याने आठ दिवस उघडं ठेवून, बत्ती तीनदा सोडून, मग रिकामं केलं होतं. सव्वीसातले नऊ नग धड निघाले होते. बाकीचा चुरा त्याने ओढ्याच्या काठी पुरला होता. खोकं त्याने शमशुद्दीनपुढे ठेवलं, आणि पूर्वीसारखं गोदामाच्या सावलीत बसून भाकरीचं फडकं सोडलं. थोड्या वेळाने अर्धी मोडून त्याच्यापुढे सरकवली.

ते नऊ नग शमशुद्दीनने उघडले नाहीत. नसीमबानूने उघडले, माती धुतली आणि बाहेरच्या खोलीत फळीवर ओळीने मांडले. शमशुद्दीन त्यांच्यापुढून जाता येता त्यांच्याकडे बघायचा, पण हातात घेऊन पुसायचा नाही. जुन्या बाजारात तो त्यानंतर फिरकला नाही.

मुक्ताबाईने त्याला चहा द्यायला पुरी दोन वर्षं घेतली. जयसिंग मात्र ईदला न चुकता मोमीनपुऱ्यात यायचा, आधी एकटा, मग बायकोला घेऊन, मग दोन मुलींना. त्याला सगळं सांगितलेलं होतं. तो त्याबद्दल एवढंच म्हणाला होता की मी विचारल्यावर पुढचं ऐकायला थांबायला हवं होतं. शीरखुर्मा, बिर्याणी असं पोटभर जेवण झालं की तो चटईवर आडवा व्हायचा आणि लगेच झोपायचा. सगळी घरं त्या दुपारी झोपलेली असायची. शमशुद्दीन जागा राहायचा. भिंतीला टेकून, हातात पंखा घेऊन तो जयसिंगच्या छातीकडे बघत बसायचा. छाती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मधेच जयसिंगचा श्वास जरा लांबला की पंखा थांबायचा.

एका ईदला नसीमबानूने उशी आणून त्याच्याशेजारी ठेवली आणि म्हणाली, तुम्हीही पडा जरा, सत्तरी जवळ आली.

"त्याला उठू दे आधी," शमशुद्दीन म्हणाला, आणि पुन्हा वारा घालायला लागला.